जांभळ्या टोपणाच्या नऊ नळ्या

शनिवारी मेलेल्यांच्या नावानं ताटं वाटायची होती, आणि बुधवारी सकाळी झाम्फिराचा फोन आला.

"अगं लिओन्तीना, तू मला मढ्यांचं रक्त पाठवलंस की काय?"

झाम्फिरा शहरातल्या इस्पितळाची रक्ततपासणी बघायची. कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि बोलायची तऱ्हा तेव्हापासून अशीच. लिओन्तीनानं खांद्यानं फोन कानाशी दाबून धरला आणि हातातलं काम चालू ठेवलं. झाम्फिराच्या पहिल्या वाक्याला कुणी दाद देत नसे.

"हसू नकोस, खरंच विचारतेय. तू म्हणालीस चरबीचे आकडे काढून दे. म्हटलं, काढतेच आहे तर सगळंच बघू. तुझ्या त्या नऊ कुप्या आहेत ना, त्यांत कॅल्शियमचा पत्ताच नाही. आणि पोटॅशियम असं की हृदय केव्हाच बंद पडायला हवं. एकाचं असतं तर मशीनवर खापर फोडून मोकळी झाले असते. नऊच्या नऊ! ही माणसं चालतात-फिरतात ना?"

"चालतात. मेंढ्या घेऊन डोंगर चढतात."

"मग बाई, हे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलंय."

लिओन्तीनाच्या हातातलं काम थांबलं.

तिचं सगळं आयुष्य एका विकरात, म्हणजे रक्तातल्या एका एन्झाइममध्ये, गेलं होतं. रक्तात विष शिरलं की त्याचे तुकडे करणारी अशी तीन विकरं, जणू तीन भावंडं. त्यातला थोरला रक्तातून फिरतो आणि मेंढ्यांना खरूज-गोचीड जावी म्हणून घालतात त्या आंघोळीच्या औषधासारखी विषं मोडून काढतो. मेंढीत तो बक्कळ असतो. पक्ष्यांत जवळजवळ नसतोच, म्हणून शेतात फवारणी झाली की आधी पाखरं पडतात. माणसांत कुणाला जास्त, कुणाला कमी. ज्याला कमी त्याचं काय होतं, त्याचं हृदय, त्याच्या नसा कशा टिकतात, हे लिओन्तीना एकवीस वर्षं शोधत होती. मेंढ्यांचं आणि मेंढपाळांचं रक्त एकाच दिवशी, एकाच वाड्यावर घ्यायचं, ही तिचीच पद्धत. दोघंही एकच औषध अंगावर घेतात, मग तपासणी वेगवेगळी कशाला?

आणि या थोरल्या भावाचा एक हट्ट आहे. त्याला कॅल्शियम लागतं. ते काढून घेतलं की तो बसतो गप्प. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, ते नेमकं कॅल्शियमच गिळतं. त्या नळीतलं रक्त तपासलं तर धट्ट्याकट्ट्या माणसाचं विकरही शून्य दिसतं. तिच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी सांगायची, लाल टोपण घ्या, जांभळ्याला हात लावाल तर याद राखा. आणि आता?

"हॅलो? आहेस का गेलीस?"

"आहे," लिओन्तीना म्हणाली. "मीच घेतलंय ते रक्त."

वही काढायचीही गरज नव्हती, तरी तिनं काढली. मे महिना, पोयेनीता गाव, आकिमचा वाडा. मेंढ्यांच्या आंघोळीचा दिवस. आकिमला आपल्या मेंढ्यांचा भारी अभिमान. तीस पुरे म्हटलं तरी "ही बघा डॉक्टरीणबाई, हिचं रक्त घेतलं नाही तर काय घेतलंत!" असं करत त्यानं पंचेचाळीस मेंढ्या पुढे रेटल्या, आणि लाल टोपणं संपली. संध्याकाळ झाली तेव्हा घरची नऊ माणसं हात धुऊन रांगेत बसली. पहाटे ती कळप घेऊन वर निघणार होती, मग ऑक्टोबरपर्यंत दर्शन नाही. गाडीत जांभळ्या नळ्यांचा खोका होता. तिनं विचार केला, यावर आनुवंशिकतेचं काम तरी होईल, विकराचं नाही. वहीत लिहिलं, "नऊ जांभळ्या, फक्त वंशासाठी." मग वाया घालवायचं नाही या जुन्या खोडीपायी वरचं पिवळं पाणी लहान कुप्यांत काढलं, कुप्यांवर नुसते आकडे घातले आणि बाकीच्या दोनशेंबरोबर फ्रीझरमध्ये ठेवून दिलं. कुपीत पडलं की सगळं रक्त सारखंच दिसतं. तीन आठवड्यांनी ओळीनं तपासायला घेतलं तेव्हा ती जांभळी गोष्ट तिच्या डोक्यातून पार गेली होती.

नऊ शून्यं आली. तीन वेळा तपासलं, तिन्ही वेळा शून्यं. अख्खं कुटुंब विकराशिवाय! त्या रात्री तिला झोप लागली नव्हती, आणि खोटं कशाला बोला, आनंदानंच लागली नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तर फार बिघडलं नसतं. त्या नऊ शून्यांवर लिहिलेला निबंध मागे घेतला असता, चारचौघांत नाक कापलं गेलं असतं, झालं. पण बाई जुलैत डोंगर चढून आकिमला सांगायला गेली होती.

ते का, हे कळायला नेकिता कोण हे कळायला हवं. नेकिता आकिमचा धाकटा भाऊ. चौतीस वर्षांपूर्वी, चोविसाव्या वर्षी, मेंढ्यांच्या आंघोळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मेला. आंघोळीच्या हौदाशी सहा माणसं होती, पाच घरी येऊन जेवली. तेव्हाच्या डॉक्टरनं हृदय लिहिलं. गावानं काय काय म्हटलं! कुणी म्हणालं प्यायला होता, कुणी म्हणालं आकिमनं औषध जास्त कालवलं. नेकिताची बायको राफिला तेव्हा तेवीस वर्षांची. ती तीन घरं पलीकडे राहायला गेली आणि त्या दिवसापासून थोरल्या दिराच्या घरात तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही. दर शरद ऋतूत मेलेल्यांच्या शनिवारी ती नेकिताच्या नावानं गावात घरोघर ताट द्यायची. आकिमचं घर सोडून. आमच्याकडे ज्याला ताट येत नाही त्याला बोलायला काही उरत नाही. गाव सगळं बघत असतं.

मे महिन्यात दंडाला पट्टा बांधून बसला असताना आकिमनंच विचारलं होतं, "डॉक्टरीणबाई, एकाच हौदाशी सहा जण असताना एकच कसा मरतो?" म्हणून जुलैत ती वर गेली आणि त्याला म्हणाली, "आकिमदादा, तुमच्या घराच्या रक्तातच ती ढाल नाही. नेकितालाही नसणार."

आकिमनं डोक्यावरची टोपी काढली. बासष्ट वर्षांचा दांडगा माणूस, जवळच्या दगडावर बसला. "म्हणजे माझ्या हातून नाही झालं?" त्यानं विचारलं.

तिनं म्हणायला हवं होतं, थांबा, पुन्हा रक्त घेते, मग सांगते. दोन महिने थांबल्यानं काय बिघडणार होतं? पण त्याचा चेहरा बघून तिला राहवलं नाही. "रक्तातच नव्हतं, दादा," ती म्हणाली, आणि वर कागदावर लिहूनही दिलं.

तो कागद घेऊन आकिम त्याच आठवड्यात खाली उतरला आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा राफिलाच्या दारात उभा राहिला. आणि गेल्या रविवारी त्याचा लिओन्तीनाला फोन आला होता. आवाज लहान पोरासारखा. "डॉक्टरीणबाई, शनिवारी यायचंच. राफिला यंदा पहिलं ताट माझ्याकडे आणतेय. तुमच्यामुळे झालं, तुम्ही पंगतीला नसलात तर मला घास उतरायचा नाही."

झाम्फिरानं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोमवारी जा."

"का?"

"का काय? त्याला ते ताट खाऊ दे. चौतीस वर्षं वाट बघितलीय बिचाऱ्यानं. सोमवारी सांग, चूक झाली, पुन्हा रक्त द्या. दोन दिवसांनी कुणाचं आभाळ कोसळतंय?"

"आणि राफिलाचं काय? ती माझ्या आकड्यावर ताट देणार."

"तू ना, फार शहाणी आहेस," झाम्फिरा म्हणाली. "एवढी शहाणी मे महिन्यात कुठं गेली होती?"

हे मात्र लिओन्तीनाला बरोबर वर्मी लागलं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. ती देवाला मानणाऱ्यातली नव्हती, चर्चमध्ये लग्नाबारशापुरती जायची. तरी मेलेल्या माणसाच्या नावाचं जेवण आपल्या चुकलेल्या आकड्यावर वाढलं जाणार, हे काही केल्या तिच्या गळी उतरेना. दुसरीकडे आकिमचा तो आवाज कानातून जाईना. फोनवर सांगावं म्हणून दोनदा नंबर लावला आणि दोनदा कापला. येत नाही म्हणून काहीतरी थाप मारावी असंही मनात आलं. शनिवारी पहाटे ती उठली, लाल टोपणाच्या नळ्यांचा अख्खा खोका गाडीत टाकला आणि निघाली. वाटेत तिनं बोलायच्या वाक्यांची चार वेळा उजळणी केली, आणि गावाची वेस दिसली तेव्हा एकही आठवत नव्हतं.

घरात आकिम एकटाच होता. बायको एवदोकिया चर्चमध्ये ताटं मंतरून घ्यायला गेली होती, राफिलाही तिथंच, बाकीची मंडळी कळपाकडे. आकिमनं पांढरा सदरा घातला होता, मिशांना पाणी लावलं होतं. टेबलावर कशिद्याचं कापड, आणि टेबलाच्या टोकाची मानाची खुर्ची मोकळी.

"या या, डॉक्टरीणबाई! आधी थेंबभर त्सुइका घ्या. यंदाच्या आलुबुखारांची आहे, घशातून उतरताना सगळे संत आठवतात."

"दादा, आधी बसा."

"बसतो की. उभ्यानं कोण पितंय?"

"दादा, मी चुकले."

तो हसला. कसली चूक, रस्ता चुकला असाल, असं काहीतरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून मिटलं.

तिनं सगळं सांगितलं. जांभळी टोपणं, कॅल्शियम, कुप्या, वहीतली ओळ. शब्द सोपे ठेवले, पण एकही गोष्ट गाळली नाही. "तुमच्या रक्तात ढाल नाही असं मी म्हणाले, ते मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. बहुतेक तुमचं रक्त चारचौघांसारखंच असेल. आणि नेकिताचं कसं होतं, हे आता कुणालाच कळणार नाही."

आकिमनं कशिद्यावरून अंगठा फिरवला.

"चूक कुणाची म्हणालात?"

"माझी."

"हाताखालच्या माणसाची नाही? यंत्राची?"

"नाही. रक्त मी घेतलं, कुप्या मी भरल्या, कागद मी लिहिला. आणि तपासून न घेता तुम्हाला सांगायची घाई मी केली, ती सगळ्यात मोठी."

"हं," आकिम म्हणाला. "या टेबलाशी डॉक्टर बसलेत, पाद्री बसलेत, आधीच्या आणि आताच्या, दोन्ही राजवटींचे साहेब बसून जेवून गेलेत. माझं चुकलं असं म्हणणारं कुणी बघितलं नव्हतं." त्यानं पेला पुढे सरकवला, पण स्वतः प्याला नाही. "आजच का आलात? उद्या आला असतात तर माझं ताट खाऊन झालं असतं."

"म्हणूनच."

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याचा चेहरा जुलैत उजळला होता तसाच आता विझत गेला, आणि ते तिला समोर बसून बघावं लागलं. तिला रडू आलं. ती खिडकीकडे बघत राहिली.

फाटक वाजलं. एवदोकिया पुढे आणि मागून राफिला. बारीक, ताठ, काळा रुमाल बांधलेली बाई. दोन्ही हातांत नवं मातीचं ताट, त्यात गव्हाची गोड उसळ, पाव, कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस आणि पावात खोचलेली पेटती मेणबत्ती. उंबरठ्यावर क्षणभर थांबली, मग आत आली. चौतीस वर्षांनी त्या घरात पाऊल टाकताना तिनं चटईला बूट नीट पुसले.

"काय झालं?" तिनं दोघांकडे बघून विचारलं. "आज मेलेल्यांचा दिवस आहे हे खरं, पण तुमची तोंडं जरा जास्तच पडलीत."

"राफिला, ताट ठेवू नकोस," आकिम म्हणाला.

"भावजी, मेण हातावर ओघळतंय. ठेवू नको तर काय डोक्यावर घेऊ?"

"तो कागद खोटा आहे."

लिओन्तीना पुढे झाली. "खोटा नाही, चुकलेला. चूक माझी आहे. राफिलाबाई, मी तुम्हाला..."

"तुम्ही थांबा, डॉक्टरीणबाई," आकिम म्हणाला. "तुमचं तुम्ही सांगितलंत. आता माझं मला सांगू द्या." तो उभा राहिला. टेबलाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. "राफिला, शवपेटीपुढे मी तुला सांगितलं होतं, हौदात औषधाचा एकच कॅन ओतला. एक नव्हता. आदल्या वर्षी खरूज गेली नव्हती, अर्धा कळप सडला होता. म्हटलं, यंदा जालीम करू. दोन ओतले. आम्ही काठावर होतो, काठ्या घेऊन. कोकरू अडकलं म्हणून मी नेकिताला म्हटलं, उतर. कमरेपर्यंत उतरला तो. मी म्हटलं म्हणून उतरला."

एवदोकियानं तोंडावर हात धरला. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

दोन कॅन, आणि कमरेपर्यंत. लिओन्तीनाच्या डोक्यात आपोआप आकडे जुळले. एवढ्या विषापुढे कुणाचंच रक्त पुरं पडलं नसतं. रक्तातलं ते थोरलं विकर कितीही बळकट असतं तरी. हे सांगायची गरज नव्हती, कारण तिथं कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

राफिला ताट धरून उभीच होती.

"दोन होते ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

आकिमनं टेबलाची कड सोडली.

"तिसऱ्या दिवशी गोठ्यामागे सापडले. दोन्ही रिकामे, दोन्हीला ओला वास. पोलीस गावात चौकशी करत होता, आठवतंय? मीच पुरले ते, अक्रोडाच्या झाडाखाली."

"तू?"

"मग काय करणार? नवरा गेला होता. तूही तुरुंगात गेला असतास तर सासूला कुणी सांभाळलं असतं, कळप कुणी राखला असता?" आता तिचा आवाज चढला. "चूक कुणाच्या हातून होत नाही रे? मी तुला त्याच वर्षी माफ केलं असतं! पण तू त्याच्या पेटीवर हात ठेवून मला म्हणालास, एकच. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि तू म्हणालास, एकच. त्या तोंडाशेजारी बसून मी जेवू कशी?"

"मग जुलैत..."

"जुलैत तू दारात आलास. म्हटलं, आला बाई, आता सांगेल. तर तू कागद काढलास. रक्त म्हणे, ढाल म्हणे." तिनं नाक ओढलं. "सत्तावन्नाची झाले मी. म्हटलं, किती वाट बघायची? जाऊ दे, देऊन टाकू ताट. आज चर्चमध्ये मेणबत्ती तीन वेळा विझली. मनापासून देत नव्हते ना."

आकिम खुर्चीत बसला. रडताना त्याचा आवाज होत नव्हता, नुसते खांदे हलत होते. एवदोकिया त्याच्यामागे जाऊन उभी राहिली, पण तिनं त्याला हात लावला नाही.

राफिलानं ताट त्याच्यासमोर ठेवलं. मेणबत्ती सरळ केली. "घे. नेकिताच्या नावानं."

घेणाऱ्यानं यावर एकच शब्द म्हणायचा असतो, देव त्याला क्षमा करो एवढ्याच अर्थाचा. तो म्हटल्याशिवाय ताट लागू होत नाही, लहान मुलांनाही माहीत असतं. आकिमच्या तोंडून तो निघेना. दोनदा ओठ हलले.

"म्हण की रे," राफिला म्हणाली. "सगळं गार होतंय."

"बोग्दाप्रोस्ते," आकिम म्हणाला.

राफिलानं मोकळी खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. रुमालाची गाठ सैल केली, हातावरचं मेण नखानं खरवडून काढलं.

"आता सांग," ती म्हणाली. "हौदात उतरताना काय म्हणाला तो? शेवटचं धड बोलला ते तुझ्याशीच. चौतीस वर्षं मला कुणाला विचारता आलं नाही."

आकिमनं बाहीनं डोळे पुसले, पाव मोडून अर्धा तिच्यापुढे ठेवला आणि सांगायला लागला.